काळतोंड्याचा एक गुण

"मला मान्य नाही," युनशी म्हणाली. "माझं उत्तर बरोबर आहे."

टेबलामागच्या फंग गुरुजींनी चष्मा कपाळावर चढवला. हरकत घेऊन समोर उभी होती त्यांची सख्खी नात. नेईपू गावच्या शाळांतल्या मातृभाषा परीक्षेचे प्रश्न आधी मँडरिनमध्ये ठरत, मग चार भाषांत उतरत. त्यातलं हाक्का या त्यांच्या घरच्या भाषेचं काम गुरुजींचं. निकालानंतर कोणत्याही पोराला उत्तरावर हरकत घेता येई. पण गुरुजींचं उत्तर आजवर कधी फिरलं नव्हतं. हे ते लग्नाच्या पंगतीतही सांगत, कुणी न विचारता. समोर नात आहे म्हणून बाजूला व्हावं, असं त्यांच्या मनातही आलं नाही. हरायची भीती असेल तर ना!

प्रश्न अगदी सोपा होता. चित्रात आजोबा, नात आणि कुत्रा. 'घरी आजोबा हाक्का कोणाशी बोलतात?' उत्तर अर्थातच 'नातीशी'. युनशीने खूण केली होती कुत्र्यावर.

"बाळ, कुत्र्याशी कोण बोलतं?" गुरुजींनी परीक्षकाच्या आवाजात विचारलं. मँडरिनमध्ये.

"तुम्ही. काळतोंड्याशी."

शेजारी पैवान भाषेच्या परीक्षक सेलेपबाई बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "साक्षीला बोलवायचं का त्याला? शेपूट हलवून सांगेल."

"सकाळी तुम्ही त्याला काय म्हणता, सांगू?" युनशीने विचारलं, आणि ती हाक्कात बोलू लागली. "ऊठ रे लबाडा, ऊन डोक्यावर आलं. आणि संध्याकाळी पायरीवर बसून म्हणता, ती गेली आणि घर खायला उठतं रे."

गुरुजींचं हसू ओठांवरच राहिलं. शब्द त्यांचे होते, पण सूर थेट त्यांच्या गेलेल्या बायकोचा. इतकी गोड हाक्का त्यांच्या एकाही पुस्तकात नव्हती.

"कुठे शिकलीस?"

"खिडकीत, तुम्ही त्याच्याशी बोलता ते ऐकून. मला तुम्ही एवढंच विचारता, गृहपाठ झाला का. तेही मँडरिनमध्ये."

पोर गणितात मागे पडू नये म्हणून, असं काहीतरी गुरुजी म्हणणार होते. पण ते त्यांनाच पटेना. गावभर भाषेचे दिवे लावत हिंडले आणि दिव्याखाली हा अंधार! लाज वाटली, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. त्यांनी उत्तर फिरवून तिला तो एक गुण दिला. सेलेपबाईंनी टाळ्या वाजवल्या, जरा जास्तच जोरात.

संध्याकाळी गुरुजींनी शेवयांचे वाडगे मांडले. घसा खाकरला. परीक्षेलाही फुटला नसेल इतका घाम त्यांना फुटला होता. मग दाराकडे तोंड करून त्यांनी हाक्कात हाक मारली, "चल गं पोरी, जेवायला ये!"

काळतोंड्या धावत आला आणि त्यांच्या पायाशी बसून शेपूट हलवू लागला. मागून युनशी आली. दोघांकडे बघत तिने हाक्कातच विचारलं, "आजोबा, नक्की बोलावलंत कोणाला?"

"दोन्ही उत्तरं बरोबर," गुरुजी म्हणाले.