नऊ लाख अठ्ठ्याऐंशी हजार सत्तावीस

मास्तरांचं बूड काही एका जागी टिकत नव्हतं. ऑपरेशन थिएटरच्या दारापासून खिडकीपर्यंत बावीस पावलं, परत बावीस. मग बाकावर टेकायचं, गुडघा हलवत एक्स-रेच्या पाकिटावर पुढचा भागाकार मांडायचा, की पुन्हा उठायचं. पाकीट दोन्ही अंगांनी बारीक आकड्यांनी भरत आलं होतं. वर ठळक अक्षरांत बायकोचा फाइल नंबर होता: ९८८०२७.

तिला आत नेलं तेव्हाच मास्तरांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. हा आकडा मूळ संख्या निघाला, कशानेच भाग गेला नाही, तर ती धडधाकट घरी येईल. जन्मभर कौल लावणाऱ्यांची टर उडवली आणि म्हातारपणी स्वतःच कौल लावून बसले. लाज वाटत होती, पण हात थांबेल तर शपथ.

"बाबा, फोनवर एका सेकंदात कळेल," शेजारी बसलेली लेक म्हणाली.

"फोनला काय पडलंय तुझ्या आईचं?"

लेकीने हातातला फोन पर्समध्ये टाकला. तीही त्यांच्याच वर्गात शिकलेली. भाग वर्गमुळापर्यंत लावून बघायचा, म्हणजे इथे ९९४च्या आतल्या एकूण एक मूळ संख्येने. शेवटची एक जरी राहिली तरी मास्तर सरळ भोपळा देत. पोटच्या पोरीलाही एकदा दिला होता, आणि त्यापायी बायकोने दोन दिवस अबोला धरला होता.

सहावा तास लागला. आतून कुणी बाहेर येईना. ९८३ने बाकी ११२ उरली. आता एकच संख्या राहिली होती, ९९१. मास्तरांनी पेन टेकवलं, उचललं, पुन्हा टेकवलं. त्यांना भीती वाटत होती, निव्वळ भीती.

"हा शेवटचा तू कर," ते म्हणाले.

लेकीने पाकीट मांडीवर घेतलं. नऊचा भाग गेला, पुन्हा नऊचा. खाली ६९३७ उरले. आता सातचा. तिचं पेन जरा अडलं. मग तिने ६९३७च्या खाली ६९३३ लिहिलं, रेघ ओढली आणि बाकी मांडली: चार.

"नाही जात, बाबा," ती म्हणाली. मान काही वर केली नाही.

मास्तर वरून बघत होते. सात एके सात. शेवटी सातच यायला हवा होता, तिथे तीन होता. दुसरीतलं पोरसुद्धा सांगेल.

त्यांनी खिशातलं लाल पेन काढलं. त्या चारवर भलीमोठी बरोबरची खूण केली.

"पैकीच्या पैकी," ते म्हणाले, आणि तिच्या शेजारी टेकले.