हार घातलेला फोटो

मालिकेतल्या मेलेल्या आजोबांसाठी हार घालून टांगायला एक फोटो हवा होता. लेखक प्रदीपने पेणच्या घरून आपल्या कैलासवासी वडिलांचाच नेला. हयातभर गावच्या नाटकांत भालदार-चोपदार झालेला माणूस, असा तरी रोज टीव्हीवर दिसेल.

वर्षभराने चॅनलवाले म्हणाले, "आजोबांना जिवंत करा."

प्रदीपने तेही केलं. अपघातानंतर ऑपरेशनने आजोबांचा चेहराच बदलला, असं लिहून टाकलं, आणि भूमिकेसाठी मुंबईचा एक नामांकित नट ठरवला.

संध्याकाळी पेणहून आईचा फोन आला. आवाज अगदी दबका.

"प्रदीप, घरी ये रं. तुझे बाबा तोंडाला रंग लावून पडवीत बसलेत. चहालाही नाय म्हणतात. इचारतात, फोटो माझा, मग काम दुसऱ्याला कशाला?"