वाणाचं वल्हं

नवनाथने करवत वल्ह्याच्या दांड्यावर टेकवली आणि तिथंच थांबला.

"सुमे, परत एकदा इचार कर. वाण हाय हे. बाईंनी बघितलं तर?"

नवऱ्याचं म्हणणं सुमनताईंना कळत नव्हतं का? संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शुभदाबाईंनी, म्हणजे चऱ्होलीतल्या त्यांच्या सोसायटीच्या अध्यक्षांनी, सोसायटीच्या स्पर्धेच्या होडीत वल्हवणाऱ्या सगळ्या जणींना एकेक वल्हं लुटलं होतं. बाकीच्या बायका वाट्या नाहीतर डबे लुटतात. या बाईंचं सगळंच जगावेगळं. पण वाण म्हटलं की सगळ्यांना सारखं द्यायचं, डावं-उजवं करायचं नाही. म्हणून सगळी वल्ही एकाच मापाची, आणि ते मापही सर्वांत उंच अबोलीचं. आखूड पडण्यापेक्षा लांब बरं, असा बाईंचा हिशेब. पोराचा शाळेचा गणवेश शिवताना आपण करतो तोच.

गणवेश निदान दुमडता तरी येतो. वल्हं कुठून दुमडणार?

सुमनताई चणीने लहानखुऱ्या. वल्हं मारताना त्यांचा वरचा हात पार डोक्यावर जायचा. आधी खांदा नुसता कुरकुरला. मग फळीवरचा डबा काढायलाही हात वर जाईना. त्यांनी भीत भीत शुभदाबाईंना सांगून पाहिलं. बाईंनी एका वाक्यात निकाल लावला. वय झालं की सांधे बोलायचेच, बाम चोळा आणि सरावाला या. स्वतः बाई होडीत पुढच्या फळीवर ताठ बसून वल्हं ओढत राहायच्या, चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलायची नाही. झालं, सुमनताईंनी मनाशी ठरवूनच टाकलं की आपलं वय झालं, आता होडी सोडायची.

आणि त्या रात्री उशीत तोंड खुपसून रडल्या. त्या मूळच्या बीडकडच्या. लहानपणी पाणी पाहिलं ते टँकरचं. चाकणच्या कंपनीत वायरिंगच्या लाइनवर उभं राहून पाय सुजायचे, पण पन्नाशी उलटल्यावर भामा आसखेडच्या धरणात पहिल्यांदा होडीत बसल्या आणि काठाला लागेपर्यंत लहान मुलीसारख्या हसत राहिल्या. रविवारची ती एक सकाळ त्यांची होती. बाकीचा आठवडा कंपनीचा आणि घरचा.

वाचवलं ते ऋताने. ऋता शुभदाबाईंची सून, चिंचवडला फिजिओथेरपिस्ट. होडीत हलगी वाजवून ताल धरायची. तिने सुमनताईंना वल्हं घेऊन भिंतीशी उभं केलं आणि म्हणाली, "मूठ साधारण काखेशी यायला हवी, तुमची हनुवटीला लागतेय. दुखणं वयाचं नाही हो, लांबीचं आहे." शिवाय नुसत्या खांद्याने ओढू नका, कमरेतून वळा, असंही करून दाखवलं. तूच सासूबाईंच्या कानावर घाल ना, असं सुमनताईंनी विनवलं, तर ती हसली. आईंपुढे माझं काही चालत नाही, म्हणाली.

"काप," सुमनताई नवऱ्याला म्हणाल्या.

नवनाथ कुरुळीत कंपन्यांच्या मालासाठी लाकडी खोकी बनवायचा. हात सफाईचा. त्याने मूठ काढली, दांडा वीतभर कापला, मूठ पुन्हा बसवून पॉलिश मारलं. कापलं म्हणून कुणाला सांगूनही पटलं नसतं. पण बाकीच्या वल्ह्यांशेजारी उभं केलं की झालं, चोरी पकडलीच जाणार.

रविवारी स्पर्धेआधीचा शेवटचा सराव होता. सुमनताईंनी वल्हं जुन्या चादरीत गुंडाळून नेलं आणि होडी काठापासून सुटल्यावरच उघडलं. हलगी वाजली. पहिल्या वल्ह्याला त्यांनी दात आवळले, सवयीने. दुखलं नाही. दुसऱ्यालाही नाही. कमरेतून वळलं की पाणी कसं लोण्यासारखं मागे सरत होतं! सुमनताईंना हसू आवरेना. मागची अबोली विचारत होती काय झालं म्हणून, आणि यांना सांगायला श्वास पुरत नव्हता.

काठावर आल्यावर रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी आपापली वल्ही होडीला टेकवून उभी केली. एकच वीतभर बुटकं. सगळ्या जणी वळून तिकडेच बघू लागल्या. वाण कापलं? तेही अध्यक्षीणबाईंचं?

शुभदाबाई सावकाश पुढे आल्या. आता मागे फिरायचं नाही, एवढं सुमनताईंचं पक्कं होतं.

"बाई, तुमच्या वाणाचा मान ठेवायचा होता," त्या म्हणाल्या, "पण माझ्याच्यानं होडी सोडवेना."

 शुभदाबाईंनी ते बुटकं वल्हं उचललं आणि आपल्या शेजारी उभं धरलं. मूठ बरोबर त्यांच्या काखेशी आली. सुमनताई बघतच राहिल्या. इतकी वर्षं रुबाबामुळे उंच वाटणाऱ्या बाई त्यांच्याएवढ्याच होत्या! तिकडे ऋता हलगीआड तोंड लपवून हसत होती.

शुभदाबाईंनी सुनेकडे एकदा डोळे वटारून पाहिलं आणि मग सुमनताईंच्या कानाशी लागून, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आपणच दिलेल्या वाणाला आपणच कशी हो नावं ठेवायची? महिना झाला, हात वर जात नाही, माझा अंबाडासुद्धा ऋताच घालते."