आतून रंगवायच्या गाड्या

टेबलावर बारा बॉड्या होत्या. रिमोटवर पळणाऱ्या छोट्या गाड्यांच्या, पारदर्शक प्लॅस्टिकच्या. नऊ धड, तीन तडकलेल्या. तिन्हींचे तडे चाकांवरच्या कमानीत, केसाएवढे बारीक. मागच्या खेपेला बारात चार गेल्या होत्या.

अख्तरबानूने वहीत आकडे लिहिले.

वारज्याच्या क्लबचे श्रीनिवास दारातच उभे होते. "ताई, आमच्या गाड्या पळायच्या आधीच म्हाताऱ्या होतात. रविवारी शर्यत आहे. या नव्या बारा घ्या. यातली एक जरी तडकली, तर पुढचं काम दुसरीकडे."

"नाही तडकणार," ती म्हणाली. हे काम गेलं असतं तर कसबा पेठेतली ही खोली सोडावी लागली असती.

ती रसायनशास्त्राची पदवीधर होती. प्लॅस्टिक चांगलं, रंग चांगला, हात तिचाच. खोलीत तिच्याशिवाय येणारं माणूस एकच, तिचे मामू, दादामियाँ.

मामूंनी चाळीस वर्षं दुकानांच्या काचेच्या, पुढे प्लॅस्टिकच्याही, पाट्या मागच्या बाजूने रंगवल्या. फ्लेक्स आले आणि त्यांचा ब्रश सुकला. बॉडीही आतूनच रंगवायची. ती हातोटी बानूने त्यांच्याकडूनच उचलली होती. कामं मात्र आता तिला मिळत होती.

रंगाआधी ती बॉडी स्पिरिटने पुसायला लागली की मामू हसत. "तिला दारू कशाला पाजतेस, बानू? साबण लावून अंघोळ घाल की!"

"तेलकट राहिलं तर रंग सुटतो, मामू. तुम्ही चहा घ्या."

ते चहा घेत. कप विसळायला ती मागे गेली की खोलीत ते एकटेच उरत.

बुधवारी ती परतली, तेव्हा स्पिरिटची बाटली वीतभर सरकलेली होती. मामू खिडकीबाहेर बघत होते. त्यांची बोटं ओली होती.

"काय करत होतात?"

"काही नाही. हात धुतले."

ते गेल्यावर तिने त्या बाटलीतलं शंभर मिलिलिटर स्पिरिट मोजून काट्यावर ठेवलं. भरायला हवं होतं ब्याऐंशी ग्रॅम. भरलं चौऱ्याण्णव.

दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, "बाटलीत पाणी तुम्ही घालता?"

"घालतो."

"इतका जळफळाट? माझ्यावर?"

मामूंनी कप खाली ठेवला. "तू शिकलेली. मोजून बघितलंस म्हणजे खरंच असणार." मग टेबलाकडे पाहून म्हणाले, "या नव्या का?"

"हात लावू नका. आणि उद्यापासून येऊ नका."

त्यांनी चपला घातल्या. चहा अर्धा तसाच राहिला.

बानूने जुनी बाटली मोरीत ओतली. नवी आणली, सील स्वतः फोडलं. शंभर मिलिलिटरचं वजन केलं. बरोबर ब्याऐंशी. नव्या फडक्याने बाराही बॉड्या आतून सावकाश पुसल्या, कोपरान् कोपरा. रंगाचे दोन पातळ हात दिले. बाहेरून कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यात अडकवली.

शनिवारी सकाळी कुलूप जसंच्या तसं होतं. तिने खिडकी उघडली, बिनपाण्याच्या स्पिरिटची बाटली बाजूला सरकवली, एकेक बॉडी उजेडात धरली आणि वहीत आकडा लिहिला.

एकूण बारा. तडकलेल्या बारा.