तुम्हीच का?

फोन थरथरला तेव्हा काजलचे हात भाकरीसाठी भिजवलेल्या कळण्याच्या पिठात होते आणि फोन सासूच्या मांडीवर. भिकुबाई दुसरीपर्यंत शिकलेली. तिनं एकेक अक्षर जोडत वाचलं: नवीन लॅपटॉपवरून कुणीतरी आत येतंय. तुम्हीच का? खाली दोन चौकोन, हो आणि नाही.

ही तजवीज काजलनंच सकाळी केली होती. दूरच्या एका दवाखान्याचे रिपोर्ट ज्या सर्व्हरवर असतात, तो ती प्रकाशा गावातल्या या घरातून सांभाळायची. तिचा लॅपटॉप सर्व्हरच्या ओळखीचा. त्याला पासवर्ड पुरे. अनोळखी लॅपटॉप आला, तर पासवर्ड बरोबर असला तरी सर्व्हर तिच्या फोनला विचारणार. नोकरी अजून कच्ची. तिच्या नावानं दुसरं कुणी आत शिरलं, तर नोकरी गेलीच.

भिकुबाईनं सकाळपासून सुनेचं डोकं खाल्लं होतं. पासवर्ड बरोबर, मग पुन्हा विचारायचं कशाला? शेवटी तिचं तिलाच पटलं. सारंगखेड्याच्या बाजारात तिचा बाप घोड्याचे कागद बघायचाच, पण आधी विकणाऱ्याला घोड्याला हाक मारायला लावायचा. घोड्यानं कान हलवला नाही, तर कागद चुलीत घाल म्हणायचा.

काजलनं सगळं सांगितलं, फक्त पासवर्ड नाही. तीनदा विचारूनही नाही. भिकुबाईला ते लागलं होतं. या घरात तिला न सांगता मिठाची बरणीसुद्धा जागची हलत नाही.

तेवढ्यात फोन वाजला. सुरतेहून भाग्येश, काजलचा नवरा. भिकुबाईनं स्पीकर लावला. पासवर्ड त्यानं पहिल्याच दिवशी मागून घेतला होता. हिला काही जमायचं नाही, मीच उरकून टाकतो, असं त्याचं म्हणणं.

"माय, हो दाब. मीच शे."

काजलच्या हातातला गोळा तसाच राहिला. सासूपुढं नवऱ्याला खोडून काढायची या घरात रीत नव्हती.

भिकुबाईनं विचारलं, "ते यंत्र तुले वळखस का?"

"नही ना. म्हनीसन तं हो दाब."

सुनेची नोकरी म्हणजे माझ्या भाग्येशची हुशारी, असं गावभर भिकुबाईनंच सांगितलं होतं. तिनं ते दोन चौकोन पुन्हा अक्षर जोडत वाचले. भाग्येश बोलतच होता, तोवर तिनं बोट टेकवलं. नाही.

मग फोन पदराला पुसून तिनं काजलपुढं ठेवला.

"तो पासवर्ड बदली टाक," ती म्हणाली. "आनि मालेबी सांगू नको."