दोन हातांचं मशीन

"हात काढ तिथून!" संशोधक बाई ओरडल्या.

लंबूने दचकून बटणावरचा हात उचलला. वरून खाली येणारा प्रेस मध्येच थांबला. शेजारी दुसऱ्या बटणावर हात ठेवून काका उभे होते. त्यांची डावी बाही मनगटाशी दुमडून पिनेने बंद केलेली होती.

डब्यांची झाकणं कापणारी ही मशीनं पूर्वी पायाने चालत. पाय पेडलवर, हात साच्यात. जरा लक्ष उडालं की संपलं. सहा महिन्यांपूर्वी पेडल काढून प्रत्येक मशीनला दोन बटणं बसवली. दोन्ही एकदम दाबली तरच प्रेस खाली येतो. दोन्ही हात बटणांवर असले, तर साच्यात जाणार कुठला? युक्ती साधी होती. तिचा किती उपयोग झाला, ते बघायला बाई आल्या होत्या.

मालकाला ही युक्ती पटली ती एका जबाबामुळे. गेल्या वर्षीच्या पाहणीत सगळे गप्प बसले, एकच माणूस बोलला. अशा अभ्यासात नावं लिहीत नाहीत, म्हणून तो नुसता 'कामगार क्रमांक सात'. ती पाहणी बाईंनी केलेली नव्हती. पण तो जबाब त्यांना पाठ होता. प्रत्येक प्रशिक्षणाची सुरुवात त्या त्याच्याच शब्दांनी करत: 'आवाज आधी आला. दुखलं मागाहून.'

"उजवं बटण काकांचं, डावं माझं," लंबू हसत म्हणाला. "झाले की दोन हात! कुणाकुणाचे, ते मशीन कुठे विचारतंय?"

"आणि तुझा दुसरा हात? तो साच्यातली झाकणं उचलतोय!"

लंबूचं हसू मावळलं. "बाई, काकांच्या निवृत्तीला आठच महिने राहिलेत. तेवढे जाऊ द्या ना."

बाईंचं पेन थांबलं. 'दोन्ही बटणं एकच कामगार दाबतो का?' फॉर्मवरच्या या प्रश्नापुढे 'हो' आणि 'नाही' असे दोन चौकोन होते.

"'नाही'वर खूण करा," काका म्हणाले. "याचा हात आत गेला की माझा जीव खालीवर होतो. किती सांगितलं, पण ऐकेल तर शपथ."

बाईंनी खूण केली. मागे उभ्या सुपरवायझरने कागद वाचला. "काका, उद्यापासून येऊ नका."

"दुसऱ्या मशीनवर बघा ना," बाई म्हणाल्या.

"सगळ्यांनाच दोन बटणं आहेत आता."

काका एका हाताने एप्रनची गाठ सोडू लागले. ती सुटेना. लंबूने पुढे होऊन सोडली आणि तोंड फिरवलं.

फॉर्मवरची शेवटची ओळ भरायची राहिली होती. बाईंनी मान खाली घालूनच विचारलं, "हात कसा गेला, काका?"

"याच मशीनवर, बाई. आवाज आधी आला. दुखलं मागाहून."