पैनगंगेची मासोळी

अठ्ठेचाळीस साली पैनगंगेच्या अलीकडे अकोला जिल्हा होता, पलीकडे निजामाचं राज्य. सरहद्द पेटली तशी मासेमारीवर बंदी आली. नदीत पोलिसांची नाव फिरायची, वर विमान घिरट्या घालायचं. सहदेव भोयाचं जाळं पावसाळाभर खुंटीला लटकलं, लेकरं उपाशी निजू लागली.

निजाम शरण आला अन् बंदी उठली. पहिल्याच दिवशी हातभर लांब मासोळ्या लागल्या. सहदेवानं हरखून बाजारात पाटी मांडली, पण गिऱ्हाइकं नुसती बघून पुढे जाऊ लागली.

"कावून वं माणिकबाई, तू बी नाई घेत?" त्यानं नेहमीच्या गिऱ्हाइकाला विचारलं.

ती तोंडाला पदर लावून म्हणाली,


"सहदेवभाऊ, पावसाळाभर नदीतून मुडदे वाहून राहिले होते. ह्या मासोळ्या काय खाऊन एवढ्या पोसल्या?"